पायाखाली नसलेला ब्रेक

वीज येईपर्यंत तुमच्या गाडीला मला हात लावता येणार नाही, आणि या बॅटरीच्या दिव्यात नुसतं एकमेकांचं तोंड बघत बसण्यापेक्षा काहीतरी बोललेलं बरं. तेव्हा ऐका. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांविषयी माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाडीतला आवाज कुठून येतो हे ज्याला कळत नाही, त्याला भूत दिसतं. या गॅरेजमध्ये मी अशी पुष्कळ भुतं उतरवली आहेत. कुणाचं भूत म्हणजे सैल झालेला नट, कुणाचं म्हणजे डॅशबोर्डमागे मरून पडलेला उंदीर. गिऱ्हाईक हात जोडतं, मी पाना पुसतो, संपलं.

माझा एक साडू आहे, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, पण अक्कल बेताची. गोदामातली बरी नोकरी सोडून त्याने पिण्याच्या पाण्याचे जार घरोघर पोचवायचा धंदा काढला आणि त्यासाठी एक जुनी व्हॅन घेतली. घेतल्यावर मला दाखवायला आणली. घेण्याआधी नाही, घेतल्यावर.

"साडूभाऊ, रंग बघा," तो म्हणाला. "इतकी जुनी गाडी, पण एक ओरखडा नाही."

"रंगावर गाडी चालत नाही," मी म्हणालो.

तो हसला. मी त्याला गाढव म्हणालो तरी तो हसतो. हा त्याचा आणखी एक दोष.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, मी जेवून जरा आडवा झालो होतो तेव्हा त्याचा फोन आला. गाडी घेऊन गॅरेजवर येतोय म्हणाला. हिवाळ्याचे दिवस होते. हे गॅरेज उताराच्या अगदी डोक्यावर आहे, तुम्ही बघितलंच. खाली दगडाच्या खाणी, आणि उतार संपतो तिथे ट्रकांचा वजनकाटा. खाणी बंद असल्या की इथे कुत्रंही फिरकत नाही. त्या दिवशी तर खालून धुकं वर चढत होतं, भरदुपारी. ओल्या दगडाच्या भुकटीचा वास सगळीकडे भरला होता.

व्हॅन आली. साडू पुढून उतरला. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मागच्या दारातून उतरली, रिकाम्या जारांच्या मधून, वाकून, साडी सावरत.

"शेजारची सीट काय भाड्याने दिलीस?" मी साडूला विचारलं.

 मेहुणीनेच सांगितलं, "भाऊजी, मी तिथे बसणार नाही."

तक्रारी दोन होत्या. एक, गाडी सुरू होत नाही. चावी फिरवली की नुसतं टक् वाजतं आणि पुढे शांतता. दुसरी, उतारावर ब्रेक आपोआप लागतात.

"आपोआप भूक लागते, झोप लागते," मी म्हणालो. "ब्रेक लावावा लागतो."

"पण मी लावत नाही ना, साडूभाऊ. पाय बाजूला असतो माझा. या उतारावर तर हमखास. जरा वेग आला की कुणीतरी... म्हणजे हळूच दाबल्यासारखं होतं."

"आणि सुरू होत नाही तेव्हा काय करतोस? आरती ओवाळतोस?"

त्याने बायकोकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "शेजारचं दार उघडायचं. आणि परत लावायचं. मग होते सुरू."

मी हसलो. अहो, त्यात हसण्यासारखं होतंच. जुन्या गाडीत कुठेतरी वायर सैल असते, दार आपटलं की हादरा बसतो, वायर टेकते, गाडी सुरू होते. एवढं साधं. पण लोकांना साधं नको असतं.

"आणि तुझं काय?" मी मेहुणीला विचारलं. "तू का बसत नाहीस?"

तिने पदर घट्ट लपेटून घेतला. "तिथे बसलं की, उतारावर... माझ्या पायावर पाय पडतो. जोरात. दाबून धरतो."

"कुणाचा?"

"ते बघायला मी खाली वाकले नाही, भाऊजी."

मी दोघांना माझ्या दुचाकीवर बसवून घरी पाठवलं, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्या म्हटलं, आणि शटर अर्धं वर ठेवून कामाला लागलो. मला कामात माणसं नको असतात. माणसं प्रश्न विचारतात.

आधी स्टार्टर. चावी फिरवली, टक्. बॅटरी तपासली, चांगली होती. तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचला होता, तो खरवडून काढला. पुन्हा टक्. मग बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवली. गंजाने तिचा चुरा व्हायला आला होता. नवी टाकली. मग स्टार्टर खाली उतरवून उघडला, तर आतले कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे तुकडे, झिजून नखाएवढे राहिलेले. तेही बदलले. झालं भूत नंबर एक.

मग ब्रेक. गाडी चार ठोकळ्यांवर उचलली, चाकं अधांतरी केली. पेडल दाबून सोडलं आणि पुढचं डावं चाक हाताने फिरवलं. फिरेना. ब्रेकचं तेल बाहेर काढायचा छोटा स्क्रू असतो, तो जरासा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे काय, तर तेल नेणारा रबरी पाइप आतून सुजलेला. दाबलेलं तेल पुढे जातं पण परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. पुस्तकात दिल्यासारखा दोष. नवा पाइप बसवला, हवा काढली, तेल भरलं. झालं भूत नंबर दोन. साडूला काय काय ऐकवायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

शेवटी बॅटरी काढून टेबलावर चार्जिंगला लावली आणि एकेक चाक फिरवून बघायला सुरुवात केली. पुढचं डावं चाक मोकळं फिरलं, छान, सरसर आवाज करत. मी खाली उकिडवा बसून ते थांबायची वाट बघत होतो.

ते थांबलं. पण आपसूक थांबतं तसं नाही. तुम्हाला कसं सांगू... चाक आपसूक थांबतं तेव्हा दमत दमत थांबतं, शेवटी जरा मागे झुलतं. हे थांबवलं गेलं. हलक्या पायाने. ब्रेकच्या पट्ट्या डिस्कला टेकल्या तेव्हा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला.

मी चाकाला हात लावला. जाम.

उठून आत डोकावलो. चालकाच्या बाजूचं पेडल वर होतं, जागच्या जागी. आणि तेवढ्यात मला दिसलं की गॅरेजची मागची भिंत लाल झाली आहे. व्हॅनचे मागचे दोन्ही ब्रेक लाइट लागले होते.

बॅटरी टेबलावर होती, हे मी तुम्हाला सांगितलं. वायरी लोंबकळत होत्या.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. धुकं शटरखालून आत सरकत होतं आणि त्या लाल उजेडात गुलाबी दिसत होतं. मग उजेड गेला. चाक माझ्या हाताखाली मोकळं झालं आणि जरासं पुढे फिरलं.

मी माणूस हट्टी आहे. म्हटलं, वायरिंगमध्ये काहीतरी लोच्या असणार. वायरी चालकाच्या शेजारच्या बाजूने मागे जातात, म्हणून त्या बाजूचं दार उघडलं आणि पायाखालची रबरी चटई उचलली. पत्र्याला उजव्या पायाच्या जागी खड्डा होता. टाचेचा वेगळा, चवड्याचा वेगळा. वर्षानुवर्षं एकाच जागी पाय दाबल्यावर पडावा तसा. चटई आणि रंग तिथून झिजून गेले होते आणि पत्रा उघडा पडला होता.

आता उघडा पत्रा म्हणजे काय, तर दोन ओलसर दिवसांत गंज. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि हा पत्रा लखलखत होता. ताज्या घासलेल्या भांड्यासारखा.

मी शटर ओढलं आणि घरी गेलो. भूक लागली होती म्हणून. नाही, हसू नका, जेवून आलो होतो ते माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी साडूला घेऊन व्हॅनच्या आधीच्या मालकाकडे गेलो. माझा अंदाज होता की गाडी पूर्वी ड्रायव्हिंग शिकवायला वापरत असणार. त्या गाड्यांत मास्तरसाठी दुसरा ब्रेक बसवलेला असतो. तो नीट न काढता विकली असेल, असं मी धरून चाललो होतो. आणि मालक निघालाच ड्रायव्हिंग स्कूलवाला. निवृत्त. सगळे त्याला सर म्हणत. ताठ म्हातारा, इस्त्रीचा शर्ट, आणि समोरच्या माणसाला आपण शिकाऊ आहोत असं वाटायला लावणारी नजर. मला लोकांविषयी तुच्छता वाटते, कबूल. पण ती मी कमावली आहे, हातांना काळं करून. या माणसाची जन्मजात होती.

त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही.

"दुसरा ब्रेक? माझ्या घरच्या गाडीत?" तो म्हणाला. "दुसरा ब्रेक मूर्खांसाठी असतो. माझ्याकडे शिकायला येत त्यांच्यासाठी. त्या गाड्या वेगळ्या. ही मी स्वतः चालवत होतो."

"मग शेजारच्या सीटपुढे पत्रा दबलाय तो कशाने?" मी विचारलं.

सर हसले. 

"आमची ही," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून शेजारी बसायची आणि लग्न झाल्यापासून पाय दाबायची. मी जरा वेग घेतला की हिचा पाय जमिनीवर. तिथे ब्रेक नाही हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. एकदा मला म्हणाली, शाळेच्या गाडीत असतो तसा एक माझ्याही बाजूला बसवून द्या ना. मी म्हटलं, माझ्या चालवण्याला ब्रेक लावणारी तू कोण?"

साडूने हळूच विचारलं, "आणि... दार? त्या दाराचं काही...?"

"दार!" सरांनी कपाळावर आठ्या घातल्या. "तो आणखी एक वेडेपणा. मी चावी लावली की हिला वाटणार, दार नीट लागलं नाही. पुन्हा उघडणार, पुन्हा लावणार. दर खेपेला. मी तोवर थांबायचं, राजाच्या स्वारीची कुणीतरी वाट बघावी तसं."

मला आणि साडूला एकमेकांकडे बघण्याचं धाडस झालं नाही.

"त्या कशाने गेल्या?" मी विचारलं.

"भित्रेपणाने." सरांनी हे असं सांगितलं, जसं कुणी सर्दीने म्हणावं. "तुमच्या गॅरेजसमोरचाच उतार. धुकं होतं. ही आपली, हळू, हळू. मला जास्त बोललेलं चालत नाही, मी मुद्दाम जरा सोडली गाडी. काही झालं नाही. माझ्या हातून आजवर ओरखडा पडलेला नाही. खाली वजनकाट्याशी थांबलो, म्हटलं, बघ, पोचलो की नाही? आता उतर. तर उतरेना. हार्टचं काहीतरी, डॉक्टर म्हणाले. पाय मात्र तिचा तसाच, जमिनीवर दाबलेला. सुटेना. दोन माणसांनी ओढून सोडवला."

एवढं सांगून त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं.

साडू मान खाली घालून उभा होता. गाडी परत घ्या, असं काहीतरी तो पुटपुटला. सर उभेच राहिले. "परत? गाडीला काहीही झालेलं नाही. चालवणाऱ्याला झालंय. चला, मी चालवून दाखवतो. त्याच उतारावर दाखवतो. आणि तुम्ही मेकॅनिक लोक जरा बघून घ्या, गाडी कशी चालवतात ते."

मी त्यांना अडवायला हवं होतं, असं माझी बायको अजून म्हणते. कशाला अडवू? गाडी मी दुरुस्त केली होती. तिच्यात दोष नव्हता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. आणि शिवाय, खरं सांगायचं तर, त्या म्हाताऱ्याचं नाक खाली झालेलं मला बघायचं होतं.

आम्ही गॅरेजवर आलो तेव्हा ऊन असायला हवं होतं, पण आदल्या दिवसाचं धुकं हललंच नव्हतं. उताराचा अर्धा भाग दिसत होता, पुढे नुसता कापूस. खालून वजनकाट्याची घंटा वाजली, एखादा ट्रक चढला असेल. मी व्हॅन ठोकळ्यांवरून उतरवली, बॅटरी जोडली, पेडल पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. घट्ट, चांगलं. सर चालकाच्या जागी बसले, आरसा नीट केला, चावी फिरवली.

टक्.

मी नवे कार्बन टाकले होते. नवी पट्टी टाकली होती. माझ्या तोंडावर कुणी थुंकल्यासारखं वाटलं मला.

सरांनी पुन्हा फिरवली. टक्. माझ्याकडे बघितलं, त्या नजरेने.

"सर, ते..." साडू म्हणाला. "ते शेजारचं दार एकदा..."

"मी ते जन्मभर चालवून घेतलं, आता घेणार नाही," सर म्हणाले आणि परत चावी फिरवली. टक्. त्यांचा कान लाल झाला होता.

शेवटी साडूच पलीकडे गेला. त्याने शेजारचं दार उघडलं, जरा थांबला, आणि लावलं. थांबला का, ते मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, कुणी आत चढत असलं की आपण थांबतो ना, तसं झालं. आपोआप.

इंजिन पहिल्या फिरकीला सुरू झालं.

सरांनी काच खाली केली. "आता दाबू दे म्हणावं पाय," ते आमच्याकडे बघून म्हणाले. "दाबू दे किती दाबायचा तो."

आणि गाडी सोडली.

आम्ही दोघे उताराच्या डोक्यावर उभे होतो. व्हॅन वेगात गेली. साडू म्हणतो तसा ब्रेक कुठेच लागला नाही. गाडी लोण्यासारखी चालली होती आणि माझ्या मनात आलं, बघ, दुरुस्त केलीय की नाही. ती धुक्यात शिरली. नुसते मागचे दोन दिवे दिसत राहिले, फिकट. मग ते एकदम भडक लाल झाले. सरांनी ब्रेक दाबला होता.

"थांबतील आता," साडू म्हणाला.

लाल दिवे लागलेलेच होते, आणि लहान लहान होत होते. ब्रेक लागलेली गाडी दूर जाताना तुम्ही कधी बघितली आहे? आवाज नाही, टायर घासल्याची किंचाळी नाही. नुसते दोन लाल ठिपके, खाली खाली... मग भिंत कोसळल्यासारखा आवाज.

आम्ही धावत सुटलो. त्या रस्त्याला एका बाजूला खाणीची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला खोल खड्डा, त्यावर कठडा. मधे पळायला जेमतेम एका ट्रकाएवढी जागा. हे लक्षात ठेवा. आम्ही दोघे त्या रस्त्याने वरून खालपर्यंत गेलो आणि आम्हाला कुणीही भेटलं नाही.

व्हॅन वजनकाट्याच्या केबिनशेजारच्या दगडी ओट्यावर आदळली होती. काट्यावरच्या माणसाने आणि एका ट्रकवाल्याने सरांना बाहेर काढून जमिनीवर निजवलं होतं. हात मोडला होता, पाय मोडला होता, पण शुद्धीवर होते.

"पेडल..." ते मला म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा होता. "पेडल दगड झालं होतं. खाली जाईना. खालून कुणीतरी... खालून कुणीतरी पाय लावून धरलं होतं."

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. मग वजनकाट्यावरचा माणूस हात पुसत आमच्याजवळ आला.

"बाईंना काही लागलं नाही, नशीब," तो म्हणाला.

साडूने माझा दंड धरला.

"कुठल्या बाई?" मी विचारलं.

"शेजारी बसलेल्या. आम्ही पोचलो तोवर त्यांनी आपला आपण बेल्ट सोडला, उतरल्या. दार लावलं, परत उघडून परत लावलं. म्हटलं, बसा, पाणी देतो. नको म्हणाल्या. ह्यांना सांगा, मी घरी पुढे होते. सावकाश या म्हणावं. असं म्हणून वर चालत गेल्या, तुमच्याच बाजूला. तुम्हाला भेटल्या असतील की."

"दिसायला कशा होत्या?"

तो विचार करू लागला. "साध्या होत्या हो," तो म्हणाला. "लंगडत होत्या जरा. उजवा पाय."

मोडकी व्हॅन मी गॅरेजवर ओढून आणली आणि तिचा ब्रेकचा भाग सुटा करून तपासला. पाइप चांगला. तेल पुरेपूर. पेडल हाताने दाबलं तरी खाली जात होतं, मऊ, गुमान. मी सगळं परत जोडून परत सोडवून बघितलं. काहीही नव्हतं. काही नसणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या धंद्यात काहीतरी असतंच. साडूने व्हॅन भंगारात दिली आणि गोदामाच्या मालकाच्या पाया पडून जुनी नोकरी परत मिळवली. त्याच्या आयुष्यातला पहिला शहाणपणा.

सरांना बघायला मीच गेलो इस्पितळात. साडूला हिंमत नव्हती. निरोप त्यांना सांगायचा की नाही, यावर मी बराच विचार केला, आणि सांगितला. जसाच्या तसा. एखाद्याचा निरोप ठेवून घेणं बरं नाही.

त्यांनी डोळे मिटले. मग ओठ वाकडे करून म्हणाले, "गेल्यावरही हिची बडबड संपत नाही." पण चादरीखालचा त्यांचा धड पाय आक्रसला, मी बघितलं.

त्यांना घरी सोडायची वेळ आली तेव्हा कुणी नव्हतं. एक मुलगी आहे म्हणे, दूर असते, येत नाही. का येत नाही हे विचारायची मला गरज वाटली नाही. साडूने माझ्यामागे भुणभुण लावली, शेवटी मी माझी पिकअप काढली. सरांना शेजारी बसवलं, साडू मागे. एक हात गळ्यात अडकवलेला, एक पाय प्लास्टरमध्ये, बगलेत कुबडी. संध्याकाळ व्हायला आली होती. मी काही वेगात चालवत नव्हतो. तरी प्रत्येक वळणावर त्यांचा धड पाय जमिनीवर दाबला जात होता. कचकन. मी बघितलं, त्यांनी मी बघितल्याचं बघितलं, आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"हळू," ते एकदा म्हणाले. अगदी पुटपुटल्यासारखं.

घर बंद होतं, बाहेरून कुलूप, पायरीवर पानांचा कचरा. मी कुलूप काढून दिलं. दार ढकललं तर आतून बंद घराचा वास यायला हवा, तो आला नाही. घर हवेशीर होतं, ताजं पुसल्यासारखं. सरांनाही ते जाणवलं असावं. ते उंबऱ्यावर थबकले.

"आम्ही येऊ का आत?" साडूने विचारलं. "दिवा लावून देतो. पाणीबिणी..."

सरांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. त्या क्षणी ते हो म्हणाले असते तर आम्ही गेलो असतो, हे मी आजही छातीला हात लावून सांगतो. पण माणसाची खोड जाते का?

"मला कुणाची गरज लागत नाही," ते म्हणाले. "निघा."

त्यांनी कुबडीने दार लोटून घेतलं. आम्ही पायऱ्या उतरलो. माझा हात गाडीच्या दारावर होता तेव्हा मागे खालची कडी लागली. ती त्यांनी लावली असेल. कुबडी भिंतीला टेकवून, वाकून, जमतं माणसाला.

मग जरा वेळाने वरची कडी लागली. चौकटीच्या पार माथ्याला होती ती, मी कुलूप काढून दार उघडताना बघितली होती. धडधाकट माणसालाही दोन्ही टाचा उचलून, हात पूर्ण ताणून लावावी लागेल अशी. ती लागली ती सावकाश, सराईतपणे, एकदा सरकवून परत काढून, परत नीट लावून.

साडू रडायच्या बेतात आला होता. मी ओरडलो, "सर?"

आतून उत्तर आलं. पण ते सरांचं नव्हतं.

"या आता," बाईचा आवाज होता, शांत, घाई नसलेला. "आम्ही आहोत दोघं."